अनुभव धागा : सत्तरच्या पुढे गाडी थरथरते, तुमचा दोष शेवटी कुठे सापडला?

ठाणे-बेलापूर रस्ता, पाम बीच, घोडबंदर, नाशिक हायवे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची रोजची धाव यांतल्याच एखाद्या रस्त्यावर असते. सिग्नल ते सिग्नल चाळीसने जाणारी गाडी गुळगुळीत चालते आणि रस्ता मोकळा मिळून काटा सत्तरपुढे गेला की हँडल, सीट नाहीतर फुटरेस्ट थरथरायला लागतं. गॅरेजवाला गल्लीत एक फेरी मारून येतो, त्याला काही जाणवत नाही, कारण गल्लीत तो वेगच येत नाही. मग अंदाजपंचे काम सुरू होतं. आधी चेन सेट, मग बेअरिंग, मग टायर. पैसे जातात, थरथर राहते.

माझं ठाम मत आहे की पाना हातात घेण्याआधी एवढं ठरलंच पाहिजे : थरथर चाकाची आहे की इंजिनाची? त्यासाठी पहाटेचा मोकळा, सरळ रस्ता शोधा. मागे कोणी नाही याची खात्री करा. ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला जाऊन क्लच दाबा आणि रेस सोडा. इंजिन आयडलवर येतं, चाकं त्याच वेगाने फिरत राहतात. थरथर तशीच राहिली तर दोष चाक, टायर, रिम, बेअरिंग यांत शोधायचा. क्षणात थांबली तर इंजिनाकडे वळायचं, किंवा इंजिनाला चॅसीत धरून ठेवणाऱ्या फाउंडेशन बोल्टांकडे. उरलेली शंका गिअरने फिटते. तोच वेग चौथ्यात आणि पाचव्यात धरून बघा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली, तर ती इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे.

दुसरी खूण म्हणजे थरथरीची जात. १०० / ९० - १७ मापाचा टायर एका फेरीत साधारण १.९ मीटर जातो, म्हणजे ८० च्या वेगाला चाक सेकंदाला साडेअकराच्या आसपास फेऱ्या मारतं. इंजिन ६,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) असेल तर सेकंदाला १०० फेऱ्या होतात. त्यामुळे चाकाची थरथर जाड, धडधडती लागते, डोळ्यांना हँडल हलताना दिसतं. इंजिनाची झिणझिण बारीक असते, ती दिसत नाही पण हाताला मुंग्या आणते आणि आरशातलं चित्र पुसट करते.

तुमचे अनुभव लिहा. कितीला सुरू होतं, कुठे जाणवतं, क्लच दाबल्यावर काय होतं हे जरूर सांगा. दोष कुठे सापडला यापेक्षा कसा सापडला, ते सविस्तर आलं तर इतरांना जास्त उपयोग होईल.

ऐरोलीकर

माझ्या १५० सीसीला ७५ ला थरथर सुरू व्हायची. फक्त हँडलवर. क्लच दाबून काडीचा फरक नाही. पुढचा टायर रिमवरून उतरवून आतून पॅच मारून आणला, त्यानंतरच हे सुरू झालं होतं, त्यामुळे संशय तिथेच होता.

गाडी मेन स्टँडवर घेतली आणि भावाला मागे बसवलं, म्हणजे पुढचं चाक अधांतरी झालं. डिस्कचे पॅड घासत असतात आणि चाक मोकळं सुटत नाही, म्हणून कॅलिपर (पॅड धरणारा भाग) सोडवून बाजूला बांधून ठेवला. (तो नळीवर लोंबकळत ठेवू नका.) मग हलक्या हाताने चाक फिरवून सोडायचं. थांबता थांबता ते किंचित मागे यायचं आणि दर वेळी तीच जागा खाली. खडूने खूण केली, पाव फेरी फिरवून सोडलं, खूण हळूहळू परत खाली. म्हणजे जड बाजू ती. तिच्या बरोबर समोर रिमवर गोंदाचा जुना चौकोनी डाग दिसला. तिथलं बॅलन्सिंगचं वजन टायर उतरवताना निघालं होतं आणि ते परत कोणी लावलंच नव्हतं.

चिकटवायच्या वजनांच्या पट्ट्या मोटारींचं बॅलन्सिंग करणाऱ्या दुकानात मिळतात, ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या. आधी टेपने लावून बघत गेलो. २० ग्रॅमला चाक जिथे सोडू तिथेच थांबायला लागलं, मग रिम पुसून कायमचं चिकटवलं. २० ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण १७ इंची रिमच्या काठावर तेवढं वजन जादा असेल, तर ८० च्या वेगाला ते सुमारे सव्वादोन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, आणि ही ओढ दर फेरीला चहूदिशांनी फिरते. ४० च्या वेगाला हाच जोर चौथाई असतो. गावात काही कळत नाही ते त्यामुळे.

वागळेतला टर्नर

माझी केस पूर्ण उलटी. ५,००० आरपीएमच्या वर टाकी, फुटरेस्ट, सीट सगळीकडे झिणझिण. क्लच दाबला की गायब. गाडी स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी त्याच आरपीएमला हजर. म्हणजे चाक-चेनचा प्रश्नच मिटला.

फाउंडेशन बोल्ट आधी तपासले, कारण ते सगळ्यात सोपं. टॉर्क रेंच लावून बघितलं, सगळे मापात. मग आठवलं की हे सुरू झालं ते एका गॅरेजात क्लच साइड उघडून काम झाल्यानंतर. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो : शेवटचा हात कुठे लागला होता?

थोडं समजावून सांगतो. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली जातो आणि त्याला तोलायला क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, वजन असतं. पण क्रँकचं वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत जातो. पिस्टनचा पूर्ण तोल क्रँकवरच साधायला गेलं, तर वर-खालीचा धक्का जातो आणि तेवढाच पुढे-मागे उभा राहतो. म्हणून क्रँकवर साधारण निम्माच भाग तोलतात. उरलेल्यासाठी काही इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट असतो. तो क्रँकच्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरतो. रॉयल एनफिल्डच्या २०२० च्या मिटिऑरपासून आलेल्या ३४९ सीसी इंजिनात असा शाफ्ट दिला आहे. आधीच्या ३५० मध्ये तो नव्हता आणि हायवेवरचा दोघांतला फरक चालवणाऱ्याला लगेच कळतो.

आता हा शाफ्ट क्रँकशी बरोबर जुळलेला हवा. दोन्ही गिअरांवर पंच मारलेले ठिपके असतात, ते समोरासमोर आलेच पाहिजेत. मी साइड कव्हर उघडलं, गिअरवरचं ऑइल पुसलं, टॉर्च मारली, क्रँक सावकाश फिरवला. क्रँकचा ठिपका बॅलन्सरच्या ठिपक्यासमोर यायच्या ऐवजी शेजारच्या खाचेसमोर येत होता. एक दात, बस. धक्का आरपीएमच्या वर्गाने वाढतो, आरपीएम दुप्पट तर धक्का चौपट. म्हणून आयडलला काही नाही आणि पाच हजाराला सहन होत नाही. दात जुळवून गॅस्केट नवीन टाकलं आणि गाडी पूर्वीसारखी झाली.

ज्यांच्या गाडीत बॅलन्सर आहे आणि इंजिन उघडल्यानंतर झिणझिण सुरू झाली, त्यांनी ठिपके बघितल्याशिवाय दुसरं काहीही बदलू नये.

कळव्याचा रायडर

मी डिलिव्हरी करतो, गाडी दिवसभर चालू. माझ्याकडे क्लच दाबला की थरथर कमी व्हायची पण पूर्ण जायची नाही. त्यामुळे धड चाक म्हणता येईना, धड इंजिन. शेवटी निघाली चेन.

मेन स्टँडवर गाडी लावून मागचं चाक हाताने थोडं थोडं फिरवत खालच्या बाजूची चेन वर-खाली करून बघा. माझी एका जागी १५ मिमी हलायची, दुसऱ्या जागी ३५. पावसाळ्यात काही कड्या गंजून आखडल्या होत्या. गॅरेजात जिथे ढिली दिसली तिथे धरून टाइट केली होती, त्यामुळे आखडलेली बाजू आली की चेन तारेसारखी ताणायची. १२० कड्यांची चेन आणि मागे ४३ दात असतील, तर चेनची एक फेरी व्हायला चाक पावणेतीनपेक्षा थोडं जास्त फिरतं. ६० च्या वेगाला सेकंदाला तीनच्या आसपास हिसके बसतात. मुठीला नाही, सीटखाली जाणवतात.

चेन नेहमी सगळ्यात टाइट जागेवर धरून अ‍ॅडजस्ट करायची, आणि ढील किती ठेवायची ते मॅन्युअलमध्ये किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतं. बदलायची वेळ आली तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच. जुन्या दातांवर नवीन चेन टिकत नाही. चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) दोन्ही बाजूंच्या खुणाही सारख्या आहेत का बघा, नाहीतर चाक तिरकं बसतं.

आणि एक. हँडलवर फोन लावणाऱ्यांनो, ही झिणझिण फोनच्या कॅमेऱ्याला बाधते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच लिहून दिलं आहे की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन थेट लावू नका, लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. रबरी डॅम्पर असलेला माउंट घ्या.

घणसोलीची

माझा प्रश्न आहे. १६० सीसी, पुढचा टायर नवीन. ६५ ते ७५ मध्ये हँडल थरथरतं आणि ८० नंतर बरंच कमी होतं. वेग वाढल्यावर कमी कसं होतं? चाकाचाच दोष असेल तर वाढायला हवा ना? क्लच दाबून फरक पडत नाही.

धागाकर्ता

ताई, दोष चाकाचाच वाटतो. शॉकअप, हँडल, टायर या सगळ्यांची मिळून स्वतःची एक डोलण्याची गती असते. चाकाचे धक्के त्या गतीशी जुळले की छोटा दोषही मोठा होऊन हाताला लागतो. वेग पुढे गेला की जुळणी सुटते. धक्का संपलेला नसतो. नवीन टायर आहे तर पहिल्यांदा रिमच्या काठाला लागून टायरवर जी बारीक रेघ असते ती बघा. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी आत बुडाली असेल तर टायर तिथे बसलेलाच नाही. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आहे का आणि टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे का, तेही बघून सांगा.

कोपरीकर

गिअरलेस स्कूटरला हाताने दाबायचा क्लच नसतो, तेव्हा वरची परीक्षा नीट करता येत नाही. आमच्या स्कूटरला पन्नासनंतर पायाखाली धडधड होती. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर चाकासकट पूर्ण इंजिन हलत होतं. इंजिन चॅसीला जोडणाऱ्या हँगरचे बुश झिजलेले. ते बदलले, काम झालं.

खारघरवाला

मुंब्रा बायपासला पावसात खड्ड्यात पुढचं चाक जोरात आदळलं. त्यानंतर ५५ पासूनच हँडल वर-खाली उड्या मारायला लागलं. बॅलन्स गेला की जी थरथर येते ती ठराविक वेगानंतर चढते, पण रिम आउट, म्हणजे वाकडी, झाली की खूप आधीपासून जाणवते, हा माझा अनुभव.

घरी बघायला सोपं आहे. शॉकअपला एक झिप-टाय बांधायचा, त्याचं टोक रिमच्या काठाला जेमतेम टेकेल असं कापायचं आणि चाक फिरवायचं. टोक कुठे घासतं, कुठे फट पडते ते स्पष्ट दिसतं. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये रिमची आउट जाण्याची मर्यादा २ मिमी दिलेली असते. माझी फट त्याच्या दुपटीहून जास्त होती. तारांच्या रिमची आउट स्पोक आवळून-सोडून काढता येते आणि चांगला कारागीर ती सुंदर काढतो. अलॉयला तसं करता येत नाही. गरम करून ठोकून सरळ करून देणारे आहेत, पण ओतीव अ‍ॅल्युमिनियमला दिलेली ती उष्णता आणि ते घाव मला पटत नाहीत. बारीक तडा गेला तर तो रंगाखाली दिसत नाही. मी नवीन रिम घेतली.

मात्र मुद्दा पुढे आहे. चाक फिरवत असताना टायरच्या बाजूला सुपारीएवढा फुगा दिसला. आतले धागे तुटले की हवा तिथून बाहेर रेटते. असा टायर कधीही फुटतो. थरथर नंतर बघू म्हणून तसंच पनवेलपर्यंत जाऊ नका. फुगा दिसला की गाडी तिथेच थांबवायची, टायर बदलायचा, मग पुढचं.

सीवूड्सकर

छोटीच गोष्ट. हँडलच्या टोकाची जाड लोखंडी वजनं काढून तिथे फॅन्सी आरसे बसवले होते. मुठीला मुंग्या आल्या. वजनं परत लावली, गेल्या. ती शोभेची नसतात, हँडलची थरथर मारण्यासाठीच असतात.

वाशीची फिजिओ

गाडीतलं मला फार कळत नाही, पण हात कळतात. माझ्याकडे रोज दुचाकी चालवणारे बरेच पेशंट येतात. बोटं बधिर होतात म्हणतात, तेव्हा मी आधी कुठली बोटं ते विचारते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू असेल, तर तळव्याच्या कडेला हँडलचा दाब पडून अल्नर नस दबत असण्याची शक्यता असते. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं असतील, तर मनगटातली मीडियन नस. दोन्ही वेळा कंपनं त्रास वाढवतात. थरथरणारं हँडल माणूस नकळत जास्त घट्ट धरतो आणि घट्ट धरलं की हातात कंपन जास्त शिरतं. पकड सैल ठेवा, कोपर थोडं वाकलेलं ठेवा, मनगट सरळ राहील अशी क्लच-ब्रेकच्या लिव्हरची उंची लावून घ्या. गाडीवरून उतरल्यावर बराच वेळ बधिरपणा राहिला, रात्री झोपेतून उठवायला लागला किंवा थंडीत बोटं पांढरी पडायला लागली, तर डॉक्टरांना दाखवा. हातमोजे आणि जाड ग्रिप यांनी आराम वाटतो, पण गाडीतला दोष काढणं हाच खरा उपाय आहे.

नेरूळहून

माझी थरथर रस्त्याची निघाली. सायन-पनवेल हायवेच्या काँक्रीटवर यायची आणि डांबर लागलं की जायची. काँक्रीटवर पकडीसाठी आडव्या रेघा पाडलेल्या असतात, त्यांचा सूर टायरमधून वर येतो. गॅरेजला जाण्याआधी एकदा डांबरावर चालवून बघा.

हँडल-पाना

जाड ऑइल टाकलं की व्हायब्रेशन कमी होतं असं मला सांगितलं गेलं. कोणी करून बघितलंय का?

वागळेतला टर्नर

आवाज थोडा दबतो, म्हणून फरक पडल्यासारखं वाटतं. क्रँकचा तोल ऑइलने बदलत नाही. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच टाका.

कापूरबावडीचा मेकॅनिक

धागा वाचला, चांगलं चाललंय. गॅरेजच्या बाजूने दोन शब्द. गिऱ्हाईक येतं आणि 'गाडी व्हायब्रेट होते' एवढंच सांगून चावी देतं. दिवसा घोडबंदरला किंवा कापूरबावडीच्या जंक्शनला आम्हाला सत्तरचा वेग मिळत नाही. तुम्ही वेग, जागा आणि क्लचचं सांगितलंत तर आमचा अर्धा दिवस वाचतो. शक्य असेल तर गाडी द्यायच्या आधी काय काय काम झालं तेही सांगा, लपवू नका.

इथे अजून कोणी बॉल रेसरबद्दल, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगबद्दल, लिहिलं नाही. पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटांनी सावकाश फिरवा. मधोमध आलं की दाराची कडी बसावी तसं अडकत असेल, तर रेसरमध्ये खाचा पडल्या आहेत. मग पुढच्या शॉकअपचं खालचं टोक धरून पुढे-मागे ओढा. 'टक' असं वाजलं तर रेसर ढिला आहे. असल्या गाडीचं हँडल रेस सोडल्यावर, ७० वरून ५० वर येताना डुलतं. लोक त्याला टायरचा दोष समजतात, आणि झिजलेला टायर असला तर दोन्ही मिळून डुलवतातही. रेसर जास्त आवळून घेऊ नका, गाडी सरळ रेषेत चालायची बंद होते.

मागे मोठी टॉप बॉक्स लावून त्यात जड सामान भरलं, तर जास्त वेगात गाडी कमरेतून डुलते. ते डुलणं वेगळं आणि थरथर वेगळी. तिथे आधी बॉक्स रिकामी करून बघा. मागच्या ड्रममधले रबर झिजले की रेस देता-सोडताना खाटकन हिसका येतो, तोही लोक व्हायब्रेशन म्हणूनच सांगतात. साडी गार्ड आणि लेग गार्ड ठराविक आरपीएमला वाजतात. चालत्या गाडीवर पाय लावून बघू नका, गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या आणि हाताने दाबून बघा. गरम सायलेन्सरपासून हात लांब ठेवा.

घणसोलीची

धागाकर्ते, रेघ बघितली. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला वीतभर लांबीत ती रिममध्ये गेली होती, बाकी सगळीकडे छान दिसत होती. रबाळेच्या टायरवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी हवा पूर्ण सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि हवा भरत गेले, तेव्हा 'फट' असा आवाज होऊन टायर काठावर बसला. मग हवा मापात आणली. ठिपका व्हॉल्व्हजवळच होता, बाणही बरोबर. आज सकाळी महापे ते तुर्भे ६५ ते ७५ चा पट्टा मुद्दाम धरून चालवला, हँडल शांत आहे.

आता ८५ च्या आसपास फुटरेस्टला थोडी झिणझिण उरली आहे. ती क्लच दाबला की जाते आणि खालच्या गिअरमध्ये लवकर येते. रविवारी फाउंडेशन बोल्ट बघते आणि कळवते.